लिपि तीच, वाचन निराळें



‘ध’चा ‘मा’ झाला आणि नारायणराव पेशव्यांचे प्राण गेले, ही परंपरेनें चालत आलेली कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. तेथें एक अक्षर बदललें आणि अनर्थ ओढवला. आज मी ज्या लिखिताविषयीं बोलणार आहें, त्यांतील अक्षर एकहि बदलत नाहीं; बदलतें तें वाचन. हें लिखित वनस्पतींस रोगी करणाऱ्या विषाणूंच्या पोटीं असतें, आणि त्याच्या वाचनावर ज्यांचा प्रभाव पडतो त्या द्रव्यांस पॉलिअमाइनें म्हणतात.

तंबाखूच्या पानांवर फिकट व गडद हिरव्या रंगांची नक्षी उमटविणारा एक रोग आहे. १८९२ सालीं रशियांतील इव्हानोव्स्की यांनीं रोगी पानांचा रस जंतूंसहि अडविणाऱ्या गाळणींतून गाळला. तरी त्या रसाची रोग उत्पन्न करण्याची शक्ति गेली नाहीं. पुढें १९३५ सालीं अमेरिकेंत स्टॅन्ले यांनीं त्या विषाणूचे स्फटिक मिळविले. आणि १९५६ सालीं सिद्ध झालें कीं, वरील प्रथिनाचें कवच काढून टाकलें तरी आंतील धागा एकटाच रोग निर्माण करूं शकतो. या धाग्यास आर. एन. ए. असें म्हणतात. तंबाखूच्या विषाणूचा धागा सुमारे ६,४०० अक्षरांचा आहे; अक्षरांचे प्रकार मात्र अवघे ४.

विषाणूपाशीं स्वतःचा वाचक नसतो. वनस्पतीच्या पेशींतील रायबोसोम नांवाचे सूक्ष्म कण हा धागा तीन तीन अक्षरांनीं वाचतात आणि अर्थानुसार एकेक अमिनो आम्ल जोडीत प्रथिनाची साखळी गुंफतात. यासच शास्त्रज्ञ भाषांतर म्हणतात. कांहीं त्रयी पूर्णविरामाचें काम करतात. तेथें साखळी संपते.

आतां पॉलिअमाइनांकडे वळूं. पुट्रेसिन, स्पर्मिडिन आणि स्पर्मिन हीं त्यांतील प्रमुख होत. पुट्रेसिन हें १८८५ सालीं ब्रीगर या जर्मन वैद्यास कुजलेल्या मांसांत सांपडलें, म्हणून त्याच्या नांवास दुर्गंधि चिकटली; वस्तुतः ताज्या हिरव्या पानांतहि तें असतेंच. पेशींतील द्रवांत या तिघांवर अनुक्रमें २, ३ आणि ४ धन विद्युद्भार असतात. उलट आर. एन. ए.चा धागा ऋण भारांनीं भरलेला असतो. सजातीय भार एकमेकांस दूर लोटतात, हें आपण शाळेंत शिकलों आहोंत. म्हणून धाग्यास नीट घडी पडत नाहीं. पॉलिअमाइनें हे ऋण भार शमवितात. मॅग्नेशियमहि तेंच कार्य करतें. पण पॉलिअमाइनें असलीं म्हणजे तें कमी पुरतें.

सलगम व कोबी यांच्या कुळांतील वनस्पतींचीं पानें पिवळीं करणारा एक विषाणु आहे. १९७० सालीं आढळून आलें कीं, त्याच्या कवचाच्या आंत धाग्यासमवेत स्पर्मिडिनहि असतें. ज्या घरीं चोरी करावयाची, त्याच घरच्या दोरीनें गांठोडें बांधावें, तसाच हा प्रकार!

वाचनाची परीक्षा मात्र गव्हाच्या अंकुरांच्या अर्कांत झाली. १९७३ सालीं या अर्कांत तंबाखूच्या विषाणूचा धागा उत्तम रीतीनें वाचला गेला. नंतरच्या प्रयोगांत दिसलें कीं, पॉलिअमाइनें नसतील तर पुष्कळ साखळ्या अर्ध्यावरच तुटतात. स्पर्मिडिन किंवा स्पर्मिन अल्प प्रमाणांत घालून मॅग्नेशियम कमी केलें, तर लांब साखळ्या पूर्ण होऊं लागतात. मात्रा वाढली कीं तेंच द्रव्य घातक ठरतें व काम थांबतें.

याहून नवलाची गोष्ट पूर्णविरामाची. तंबाखूच्या विषाणूच्या लिखितांत सुमारे १,२६,००० भाराच्या प्रथिनापाशीं एक पूर्णविराम आहे. कांहीं थोडे रायबोसोम तो ओलांडून पुढें वाचतात; त्यामुळें सुमारे १,८३,००० भाराचें दुसरें प्रथिन निर्माण होतें. विषाणूस आपल्या प्रती काढण्यासाठीं हें मोठें प्रथिन अवश्य लागतें. १९८० सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनीं दाखविलें कीं, पॉलिअमाइनांमुळें परीक्षानळींत असा विराम ओलांडण्याचें प्रमाण वाढतें. अक्षर तेंच, अर्थ मात्र लांबला.

मग पॉलिअमाइनेंच हिरावून घेऊन विषाणूस उपाशी मारतां येणार नाहीं काय? विषाणूनें पछाडलेलें पीक बरें करणारें औषध शेतकऱ्याच्या हातीं आजहि नाहीं. तेव्हां हा प्रश्न निष्फळ कुतूहलाचा नव्हे. पण अडचण अशी कीं, वनस्पतीच्या स्वतःच्या वाढीसहि हींच द्रव्यें लागतात. शिवाय रोगास दाद न देणाऱ्या तंबाखूंत विषाणु शिरतांच पॉलिअमाइनें वाढतात, त्यांच्या विघटनापासून हायड्रोजन पेरॉक्साइड निपजतें, आणि शिरकावाच्या जागच्या पेशी मरून रोगाची वाट अडते. म्हणजे जें चोराच्या हातचें साधन, तेंच धन्याचें शस्त्र! तें मोडण्यापूर्वीं शंभरदां विचार केला पाहिजे.

आणखी एक बोध आहे. नळींतील अर्क म्हणजे जिवंत पान नव्हे. अमुक धाग्यापासून अमुक प्रथिन होतें असें सांगणाऱ्यानें, कोणत्या द्रवांत व कोणत्या प्रमाणांत, हेंहि सांगितलें पाहिजे. लिखित कळलें म्हणजे सर्व कळलें असें नव्हे. वाचणारा कोणत्या स्थितींत वाचतो, हें पाहिल्यावांचून अर्थाचा निर्णय करूं नये.