शिकाऊ उमेदवारी : पुढील शिक्षणाची पायरी
(पालक-शिक्षक मेळाव्यातील भाषण)



दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत गेलेल्याचे शिक्षण खुंटते, हा समज निराधार आहे. तेथील दोन वर्षांचा अभ्यासक्रम उत्तीर्ण झालेल्यास नियमानुसार तंत्रनिकेतनातील पदविकेच्या, आणि पदविकाधारकास अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळू शकतो.

मात्र मधल्या काळातील कारखान्यातील उमेदवारी १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाखाली नोंदलेली असावी. करारच नसेल, तर विद्यावेतनाचा हक्क आणि अखेरचे राष्ट्रीय प्रमाणपत्र दोन्ही हुकतात. उमेदवार केवळ स्वस्त मजूर ठरतो. म्हणून पालकांनी प्रारंभीच कराराची प्रत मागावी, शिक्षकांनी ती समजावून द्यावी आणि उमेदवाराने अंतिम परीक्षा दिल्याविना कारखाना सोडू नये.