जीवन पालटते, साधना रूप बदलते
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



पन्नास वर्षांच्या वाटचालीचा हा आनंदसोहळा आहे. एवढ्या काळात आपल्या घराघरांत किती स्थित्यंतरे झाली! कोणी गाव सोडले, कोणी पेढी मुलांच्या हाती सोपविली, कोणाला आजारपणाने जागीच बांधून ठेवले. या साऱ्यांत एक गोष्ट निमूटपणे मागे पडते, ती म्हणजे मनुष्याची कलासाधना. विवाहानंतर पेटी माळ्यावर जाते, दुकानाच्या व्यापात कवितांची वही दिसेनाशी होते. पुढे ‘आता वय राहिले नाही’ असे म्हणून आपण तो विषयच मिटवून टाकतो. तो खरोखर मिटतो काय, एवढाच प्रश्न आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे.

उत्तरासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या मावळातील तळेगाव दाभाडे ही गो. नी. दांडेकरांची कर्मभूमी. १९१६ साली विदर्भातील परतवाडा येथे जन्मलेल्या या मुलाने तेराव्या वर्षी स्वातंत्र्यलढ्याच्या ओढीने शाळा व घर सोडले. पुढे गाडगे महाराजांचा सहवास, ज्ञानेश्वरीचे अध्ययन, नर्मदा परिक्रमा अशी त्यांची भ्रमंती चालली. लेखनालाच वाहून घ्यावयाचे, असा निश्चय त्यांनी १९४७ च्या सुमारास केला. भटक्याचा गृहस्थ झाला; परंतु मागील भ्रमंती वाया गेली नाही. नर्मदाकाठची पायपीट ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ मध्ये उतरली. कोवळ्या वयातील अनुभवांची ‘स्मरणगाथा’ झाली आणि त्या ग्रंथाला १९७६ साली साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. तेव्हा लेखक साठीचे होते. जे तेराव्या वर्षी भोगले, त्याचे वाङ्मय होण्यास एवढा काळ जावा लागला!

तळेगावी स्थिरावल्यावर मावळाने त्यांना नवा विषय दिला. ‘पवनाकाठचा धोंडी’ ही कादंबरी पवना धरण होण्यापूर्वीच्या खोऱ्याची आहे. ‘माचीवरला बुधा’ मधील बुधा उतारवयात मुंबई सोडून लोणावळ्याजवळच्या राजमाचीवर येतो आणि झाडे-पाखरांच्या संगतीत नवे आयुष्य आरंभतो. उतारवय म्हणजे केवळ ओसरणे नव्हे, हे त्या पुस्तकाने किती सहज सांगितले आहे!

आपल्या परंपरेतील एक उदाहरण याहून कठोर आहे. कविवर बनारसीदास हे व्यापारी गृहस्थ. तारुण्यात रचलेले शृंगारकाव्य त्यांनी स्वतःच गोमती नदीत विसर्जित केले. व्यापारात वारंवार तोटा आला, नऊ अपत्यांचा वियोग सोसावा लागला. तरी लेखणी थांबली नाही. ती अध्यात्माकडे वळली, ‘समयसार नाटक’ लिहिले गेले आणि १६४१ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, ‘अर्धकथानक’ हे प्रांजळ आत्मचरित्र सिद्ध झाले. दुःखाने काव्य आपोआप उपजत नाही. दुःखातही लिहिण्याची सवय टिकली, म्हणून ते उपजले.

मात्र सर्व काही टिकते, असे म्हणणे खोटे ठरेल. थरथरणारा हात पूर्वीसारखी रांगोळी काढणार नाही, थकलेला गळा वरची पट्टी गाठणार नाही. गेलेल्या रूपाचा शोक न करता नवे रूप शोधणे, हीच खरी साधना होय. गोनीदांच्या कादंबऱ्या त्यांच्या कन्या डॉ. वीणा देव व जामात डॉ. विजय देव यांनी कुटुंबीयांसह अभिवाचनातून गावोगावी नेल्या. गोनीदा १९९८ साली निवर्तले, वीणाताई २०२४ साली गेल्या. पण कागदावरचे शब्द आवाजातून असंख्य श्रोत्यांच्या मनी रुजले. ज्याला लिहिता येत नाही, त्याला वाचून दाखविता येते. ज्याला गाता येत नाही, त्याला शिकविता येते.

यात कुटुंबाचाही वाटा आहे. घरातील सुनेला, आजींना, निवृत्त वडिलांना दिवसातील एक तास आणि घरातील एक कोपरा निर्वेधपणे मिळावा. न्यासाने महिन्यातील एक सायंकाळ अशा मंडळींसाठी राखून ठेवावी, ही माझी नम्र विनंती आहे. आजच घरी गेल्यावर माळ्यावरील पेटी खाली काढावी. सूर कदाचित प्रथम बेसूर लागेल. परंतु तो आपला असेल.