दवाखान्याची फाइल उघडून बघा

कुणी भाकऱ्या थापत ऐकत असेल, कुणी नुकतीच रानातून येऊन टेकली असेल. हातातलं काम चालू ठेवा, फक्त दहा मिनिटं कान माझ्याकडे द्या. मी बचत गटांची समन्वयक. एरवी मी कर्ज, हप्ते, हिशेबाची वही असंच बोलते. आज बोलणार आहे दवाखान्याच्या कागदांबद्दल.

आपल्या घरात हे कागद कुठे असतात? कॅरीबॅगेत, खुंटीला. नाहीतर पत्र्याच्या पेटीत, लग्नाच्या साडीखाली. माणूस बरा झाला की आपण त्यांच्याकडे बघत नाही आणि माणूस गेला तर बघवत नाही. पण विम्याचे पैसे मागताना किंवा कोर्टात उभं राहताना आपल्या बाजूने बोलतात ते हेच कागद.

आमच्या एका गटातल्या ताईंची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही. त्यांचे मालक संध्याकाळी पाणी द्यायला गेले आणि बांधावर पडलेले सापडले. धाकट्या दिराने त्यांना गाडीवर घालून जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथे विचारलं, काय झालं? घाबरलेला दीर म्हणाला, चक्कर येऊन पडले. कागदावर तसंच लिहिलं गेलं. तिथून जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांना पायावर दातांच्या खुणा दिसल्या, त्यांनी सर्पदंशाचं इंजेक्शन सुरू केलं. पण उशीर झाला होता.

ताईंच्या मालकांनी बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढला होता. वर्षाला 20 रुपये कापले जातात, तोच. अपघाताने मृत्यू झाला तर वारसाला 2 लाख रुपये मिळतात आणि साप चावणं हा त्यात अपघातच धरतात. पण ताईंचा अर्ज परत आला. कारण काय, तर सोबत पहिल्याच दवाखान्याचा कागद जोडला होता आणि त्यावर ‘चक्कर’ असं होतं.

ताई माझ्याकडे आल्या. आम्ही दोघींनी सगळे कागद जमिनीवर पसरले आणि तारीख-वेळ बघून ओळीने लावले. तेव्हा कळलं की सरकारी दवाखान्याचा फक्त एक चिठोरा आपल्याकडे आहे, पूर्ण केस पेपर नाहीच. मग लेखी अर्ज केला, त्याची पोच घेतली. केस पेपरवर दंशाची खूण आणि दिलेली इंजेक्शनं वेळेसकट लिहिलेली होती. शवविच्छेदन अहवालातही तेच कारण होतं. दोन्ही जोडून, दिराचा खुलासा लावून अर्ज पुन्हा दिला. चार महिने लागले, पण पैसे खात्यात जमा झाले. ताईंची मुलगी त्या वर्षी बारावीला होती. तिचं कॉलेज सुटलं नाही.

शवविच्छेदनाचं नाव काढलं की घरचे नको म्हणतात. मला समजतं. गेलेल्या माणसाला आणखी त्रास नको असं वाटतं. पण अचानक मृत्यू झाला तर मागे राहिलेल्या बाईसाठी तो अहवाल फार मोठा आधार असतो. रस्त्यावरचा अपघात किंवा पाण्यात बुडणं असेल तर पोलिसांत नोंद करावीच लागते.

आता फाइल कशी बघायची ते सांगते.

पहिलं, नाव आणि वय. आधारवर, बँकेत आणि दवाखान्यात एकच हवं. घाईत आपण टोपणनाव सांगतो, वय ‘असेल पन्नासेक’ म्हणतो. पुढे तेच आडवं येतं. दवाखान्यात जाताना आधार सोबत घ्या.

दुसरं, तारीख आणि वेळ. कधी दाखल केलं, कधी सोडलं, हे डिस्चार्ज कार्डावर आणि बिलावर सारखं आहे ना?

तिसरं, आजाराची हकिकत. डॉक्टर विचारतात, आधीचा काही आजार? सोबतचं माणूस अंदाजाने सांगतं, बीपी आहे, पाचेक वर्षं असेल. कागदावर ‘केसीओ एचटीएन’ असं इंग्रजी अक्षरांत लिहिलं जातं. म्हणजे आधीपासून बीपी असलेला पेशंट. साखरेसाठी ‘डीएम’ लिहितात. विमा काढून दोनच वर्षं झाली असतील तर कंपनी म्हणते, तुम्ही आजार लपवला. म्हणून आजार असेल तर खरा सांगा, विमा काढतानाही सांगा. पण माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणा. अंदाज सांगू नका.

चौथं, सही आणि शिक्का. आणि घरी जाताना कसली सही घेतात ते विचारा. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेत आहोत, असं लिहिलेल्या कागदावर न वाचता अंगठा देऊ नका.

चूक सापडली तर स्वतः पेनाने दुरुस्त करायची नाही. खाडाखोड केलेला कागद संशयात जातो. डॉक्टरांकडूनच दुरुस्ती करून, तारखेसह सही घ्या.

कागद मागणं हा आपला हक्क आहे. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांप्रमाणे दाखल झालेल्या पेशंटचे कागद डॉक्टरांनी 3 वर्षं जपायचे असतात आणि पेशंटने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने मागितले की 72 तासांत द्यायचे असतात. तोंडी मागू नका. साध्या कागदावर अर्ज लिहा, पोच घ्या.

एक गोष्ट दबक्या आवाजात बोलली जाते, ती मी मोठ्याने बोलते. घरात मारहाण झालेली बाई दवाखान्यात सांगते, ओट्यावरून पडले. कागदावर तेच उमटतं. पुढे ती कधी कोर्टात गेली तर तोच कागद तिच्या विरोधात दाखवतात. बायांनो, तक्रार आज करायची की नाही ते नंतर ठरवा, पण डॉक्टरांना खरं कारण सांगा.

आता माझी चूक. माझ्या सासऱ्यांच्या ऑपरेशनची मूळ फाइल मी विम्याच्या एजंटाच्या हातात दिली. झेरॉक्स नाही, पोच नाही. फाइल गहाळ झाली. डिस्चार्ज कार्डाची दुसरी प्रत मिळाली, बिलं मिळाली नाहीत. 18 हजार रुपये गेले. मी बीए झालेली, गटांना हिशेब शिकवणारी. तेव्हापासून मूळ कागद देण्याआधी मी झेरॉक्स काढते, मोबाइलवर फोटो काढते आणि घेणाऱ्याची सही घेते. तुम्हीही तसंच करा.

अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा. आधी कंपनीकडे तक्रार करा. 1 महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, तिथे फी नाही. कंपनीने नकार दिल्यापासून 1 वर्षाच्या आत जावं लागतं. ग्राहक आयोगात जायला 2 वर्षांची मुदत असते. आणि वकिलाचे पैसे कुठून आणू, असं म्हणू नका. 1987 च्या कायद्याने बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. 15100 या नंबरवर फोन करूनही विचारता येतं.

पुढच्या मासिक बैठकीला एक काम करा. बचतीच्या पैशांसोबत घरातल्या एका माणसाची फाइल आणा. शिकलेल्या मुलीने वाचायचं, बाकीच्यांनी नाव, वय, तारीख, हकिकत, सही तपासायची. आमच्या गटात आम्ही हे केलं तेव्हा अकरापैकी चार फायलींत नावाची चूक निघाली. चौघी दुसऱ्याच आठवड्यात दवाखान्यात गेल्या आणि दुरुस्त करून आल्या. माणूस धडधाकट असताना हे काम तासाभराचं असतं.

तुमच्या फाइलमध्ये काय सापडलं ते आपल्या केंद्रावर येऊन सांगा. बसते आता. नमस्कार.