उष्टं पाणी



कोकणात माझ्या नानीच्या घरी पाण्याच्या मडक्याजवळ लांब दांड्याचं ओगराळं टांगलेलं असायचं. आम्ही मुलं घाईघाईत पेला थेट मडक्यात बुडवायला गेलो की नानीची चापट ठरलेली. "उष्टं पाणी मडक्यात जाईल ना रे!" मडक्यातलं पाणी पेल्यात यावं, पेल्यातलं मडक्यात जाऊ नये, एवढाच तिचा नियम. पुढे मी बी.ए. झालो, कविता लिहू लागलो. पण त्या नियमाचा खरा अर्थ मला पन्नाशीत एका नळवाल्याने समजावला.

मुंबईतल्या एका जुन्या व्यापारी इमारतीत माझा पुस्तकबांधणीचा गाळा आहे. गाळेधारकांच्या सोसायटीचा मी तेव्हा सचिव होतो. चार ओळी बऱ्या लिहितो, म्हणून अर्ज लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं होतं. पाणी ठरावीक वेळेला येई आणि दाब इतका कमी, की जमिनीखालची टाकी भरेना. तेव्हा सभेत ठरलं, की पंप थेट पाण्याच्या लाइनवरच बसवायचा. हे नियमात बसत नाही, हे मला ठाऊक होतं. तरीही खर्चाच्या व्हाउचरवर सही माझीच आहे.

तळमजल्यावर एक खानावळ होती. पलीकडच्या गाळ्यात कापडाचे नमुने धुवायचे. तिथे नळाला लावलेली रबरी नळी साबण-सोड्याच्या पिंपात बुडालेली असे. दोन्ही गाळ्यांचे नळ एकाच पाइपवर. एका सकाळी खानावळीतला भांडी घासणारा पोरगा नळाचं पाणी प्यायला आणि उलट्या करू लागला. नळ सोडून पाहिला, तर पाण्याला फेस. पोरगा दोन दिवस दवाखान्यात होता. बरा झाला, पण ते दोन दिवस मला झोप लागली नाही.

आमचे नळकाम करणारे तात्या आले. त्यांनी पंप पाहिला, नळी पाहिली आणि म्हणाले, "साहेब, पाण्याला दिशा नसते. जिकडे दाब कमी, तिकडे ते जातं." पंपाने पाइपमधलं पाणी ओढलं की पाइपमध्ये पोकळी व्हायची. मग उघड्या नळातून नळीवाटे पिंपातलं पाणी वर चढायचं. पंप बंद होऊन दाब परत आला, की तेच पाणी शेजारच्या नळातून बाहेर!

"पण तिथे एनआरव्ही बसवला होता ना?" मी विचारलं. पाणी मागे जाऊ नये म्हणून असतो, तो नॉन रिटर्न व्हॉल्व्ह. तात्यांनी तो उघडून माझ्या पुढ्यात धरला. आतल्या झडपेखाली गंजाचा खडा आणि सुतळीचा तुकडा अडकलेला. झडप अर्धी उघडीच. बसवल्या दिवसापासून तो कुणी खोलून पाहिला नव्हता.

त्यानंतर या विषयावर मिळेल ते मी वाचत गेलो. कळलं, की अशी चूक फार मोठ्या ठिकाणीही झाली आहे. 1933 साली अमेरिकेत शिकागोला जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिथल्या दोन मोठ्या हॉटेलांत सदोष नळजोडणीमुळे मैलापाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं. आमांशाची साथ पसरली. पाहुणे गावोगावी परतल्यावर आजारी पडले, त्यामुळे दुखण्याचं मूळ लवकर सापडेना. 1,400 हून अधिक लोकांना लागण झाली, 98 दगावले.

यावरचा सर्वांत खात्रीचा उपाय नानीचाच आहे. नळाचं तोंड आणि खालच्या पाण्याची सर्वांत वरची पातळी यांत मोकळी हवा ठेवायची. हे अंतर पाइपच्या आतल्या व्यासाच्या दुप्पट हवं, आणि निदान 25 मिलिमीटर तरी हवंच. हवेतून पाणी उलटं चढत नाही.

जिथे असं अंतर ठेवता येत नाही, तिथे उपकरण लागतं. साध्या धोक्याला एकापाठोपाठ दोन झडपा पुरतात. रसायनं, बॉयलर, वातानुकूलनाचे मनोरे असतील, तर दोन झडपांच्या मध्ये आणखी एक सुटकेची झडप असलेलं उपकरण बसवतात. आतली झडप निकामी झाली, की पाणी मागे न जाता तिथूनच बाहेर सांडतं. म्हणून ते जमिनीपासून वर, हात पोचेल अशा जागी हवं आणि खाली पाण्याला वाट हवी. पाणी तुंबणाऱ्या खड्ड्यात ते कधीच बसवू नये. बसवण्याआधी पाइप धुऊन काढायचा, नाहीतर पहिल्याच दिवशी खडा अडकतो. आणि वर्षातून एकदा जाणकाराकडून ते तपासून घ्यायचं. अमेरिकेत बऱ्याच शहरांत ही वार्षिक तपासणी सक्तीची आहे.

आमच्या इमारतीत लाइनवरचा पंप काढला. आता पाणी टाकीत वरून पडतं आणि भरायला वेळ लागतो. त्यावरून सभेत मला बोलणी बसली, ती मी ऐकून घेतली. टाक्या उपसून धुतल्या. कापडवाल्यांना वेगळी छोटी टाकी दिली, तिच्यातही पाणी वरूनच पडतं. झडपा दर वर्षी पावसाळ्याआधी उघडतात आणि तारीख वहीत लिहितात. त्या वहीत तात्यांची सही असते, खाली माझी. कवितेखाली नाव घालताना मी इतका विचार कधी केला नव्हता.

खानावळीतला तो पोरगा आता स्वतःची चहाची गाडी चालवतो. मला पाहिलं की आधी पाण्याचा पेला पुढे करतो. "प्या चाचा, चांगलं आहे," म्हणतो. मी पितो, आणि दर वेळी मला ती व्हाउचरवरची सही आठवते.

श्रोतेहो, तुमच्या दुकानात, कार्यालयात, घरी एकदा नजर टाका. नळाला लावलेली नळी बादलीत बुडाली असेल, तर ती आधी बाहेर काढा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)