ओटा कोणाच्या मापाचा?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या सभेतील भाषण)



स्वयंपाकघर व न्हाणीघर यांच्या नव्या पद्धतींवर मी चार शब्द बोलावेत, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. घर बांधण्याचे शास्त्र मी कुठून सांगणार? पण त्या म्हणाल्या, "तुम्ही घर बांधताना जिथे चुकलात, तेवढेच सांगा." हे मला पटले. ज्याला ठेच लागते, त्याला दगड कुठे आहे ते पक्के ठाऊक असते.

आपल्या आयांचे स्वयंपाकघर आठवून पाहा. कोपऱ्यात मातीची चूल, भिंती धुराने काळ्या, आणि डोळ्यांना पदर लावून फुंकणी फुंकणारी माय. हा धूर घराबाहेर काढावा म्हणून आपल्या विदर्भातच, वर्ध्याच्या मगनवाडीत, 'मगन चूल' तयार झाली. पुढे गॅस आला. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि खेड्यातल्या गरीब घरीही शेगडी पोचली. बसून करायचा स्वयंपाक उभ्याने होऊ लागला. ही मोठीच सोय झाली, यात शंका नाही. पण बाई उभी राहिली, तेव्हा ती किती उंच आहे हे कोणी पाहिले का? माझ्या भाषणाचा मुद्दा एवढाच आहे.

आमचे जुने मातीचे घर पाडून २०१८ साली नवे बांधले. त्या वर्षभर आमच्या घरी मोबाइलवर चित्रे पाहण्याचाच उद्योग होता. हल्ली काय चालते ते आपणही पाहताच. भिंतीला भिंत लागून मुठीवाचूनची कपाटे, ओढले की पुढे येणारे खण, ओट्यात बसविलेली शेगडी, वर चिमणी, आणि ग्रॅनाइटऐवजी पांढरा क्वार्ट्झ. न्हाणीघरात भिंतीला टांगलेले कमोड, भिंतीत लपविलेली पाण्याची टाकी, काचेचा आडोसा, छतातून पडणारा फवारा, आणि खालपासून वरपर्यंत आरशासारख्या टाइल्स. पाहून माझा जीव हरखून गेला. खोटे कशाला बोलू? मलाही तसेच हवे होते.

ओटा मिस्त्रीने त्याच्या सवयीने छत्तीस इंचांचा केला. माझी उंची पाच फूट. ओट्यावर शेगडीची उंची आणखी चार-पाच इंच, तिच्यावर पातेले. वरणाचे मोठे पातेले ढवळायचे तर मला पायाखाली पाट घ्यावा लागे. पाट बसण्याकरिता असतो. मी त्यावर उभी राहून स्वयंपाक करीत होते! भाकरी थापताना तर अंगाचा भार हातावर यावा लागतो. तो येईना, म्हणून सारा जोर खांद्यावर. वर्षभरात उजवा खांदा धरला.

माझ्या मुलीने मला एक गोष्ट वाचून दाखविली. जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरात १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की नावाच्या बाईने कामगारांच्या घरांसाठी एक स्वयंपाकघर आखले. आगगाडीच्या भोजनाच्या डब्यातले चिमुकले स्वयंपाकघर पाहून तिने विचार केला की बाईची पावले वाचली पाहिजेत. सुमारे सव्वासहा फूट रुंद व सव्वाअकरा फूट लांब एवढ्या जागेत तिने सारे हाताशी आणले. तशी दहा हजारांच्या आसपास स्वयंपाकघरे त्या शहरात बांधली गेली. आजच्या 'मॉड्युलर' स्वयंपाकघराचे मूळ तिथे आहे, असे म्हणतात. म्हणजे या पद्धतीचा जन्म बाईची पावले मोजण्यातून झाला. आणि आपण मात्र तिचा रंग घेतला, मोजणे सोडून दिले.

तरी फ्रँकफुर्टची नक्कल आपण जशीच्या तशी करावी, असे मी म्हणत नाही. त्या खोलीत एकच बाई काम करू शकत होती. आपल्याकडे सणावाराला जाऊ असते, नणंद असते, पुरण वाटायला शेजारीण येते. तेव्हा दोघींची पाठ एकमेकींना लागू नये एवढी जागा हवीच. पण शेगडी, पाणी धुण्याची जागा आणि साठवण ही तीन ठिकाणे एकमेकांपासून दोन-तीन पावलांवर असावीत, हे तत्त्व कुठेही खरेच आहे.

आता माप कसे घ्यावे ते सांगते. ताठ उभे राहावे, हात कोपरात वाकवावा, आणि जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची मोजावी. ओटा त्याहून चार ते सहा इंच खाली असावा. पाच फुटांच्या बाईला तो बत्तीस इंचांच्या आसपास बसतो. शेगडी ओट्यावर ठेवायची असेल तर तेवढा भाग आणखी चार इंच खाली घेतला तरी चालतो. मिस्त्रीला यात जास्तीचा खर्च नाही. फक्त सांगणारी बाई तिथे उभी हवी.

दुसरी गोष्ट साठवणीची. चित्रातल्या कपाटांत चार सुंदर बरण्या असतात. आपल्या घरी वर्षाचे गहू, ज्वारी, तुरीची डाळ, तिखट, हळद, लोणचे, पापड, कुरड्या. आमच्या त्या देखण्या कपाटांत कोठीला जागाच नव्हती. गव्हाच्या कोठ्या शेवटी बैठकीत आल्या. म्हणून कपाटे ठरविण्याआधी आपल्या घरचे धान्य मोजा. खाली ओढते खण जरूर करा, वाकून आत डोके घालणे वाचते. पण ओलाव्याच्या जागी, मोरीखाली, भुशाच्या दाबलेल्या फळ्या घालू नका. त्या पाण्याने फुगतात. तिथे कडप्पा, स्टील किंवा अॅल्युमिनियम बरे. पांढऱ्या क्वार्ट्झवर तापलेला तवा ठेवला तर डाग पडतो, कारण त्यात दगडाच्या भुकटीबरोबर राळ असते. आपला ग्रॅनाइट ते सोसतो. आणि चिमणीचा नळ घराबाहेर नेला नसेल तर वाफ व उष्मा घरातच राहतो, हेही ध्यानात ठेवा.

तिसरी गोष्ट पाण्याची. आणि ही तर खास आपली. पूर्णेच्या काठचा खारपाणपट्टा अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरला आहे, आणि आपल्या तालुक्यातील कितीतरी गावे त्यात येतात. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार दर लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरे पाणीच नसेल तर २००० च्या वर जाऊ नयेत, असे भारतीय मानकात सांगितले आहे. आपल्या बोअरच्या पाण्याची चव कशी असते, ते मी तुम्हाला काय सांगू! वानच्या धरणातून १४० गावांसाठी पाण्याची योजना आखली गेली, ती याच दुःखापोटी.

आता शहरातली न्हाणीघरे गोड्या पाण्यासाठी आखलेली असतात. त्या चित्रांतले नळ आमच्या घरी सहा महिन्यांत पांढरे पडले. फवाऱ्याची भोके बुजली. गिझरच्या कांडीवर चुनखडीचा थर बसला. भिंतीत लपविलेल्या टाकीची झडप अडकली, तेव्हा ती काढायची कशी, हा प्रश्न पडला. टाइल फोडावी लागली. तेव्हापासून मी सांगते, आपल्याकडे जे बिघडणार आहे ते भिंतीत लपवू नये. नळ साधा, उघडा, गावच्या माणसाला दुरुस्त करता येईल असा घ्यावा. घर बांधतानाच पाण्याच्या दोन ओळी कराव्यात: एक बोअरच्या पाण्याची, संडासाला व फरशी धुण्याला, दुसरी नळयोजनेच्या पाण्याची, स्वयंपाकघराला. मागाहून भिंती फोडण्यापेक्षा ते स्वस्त पडते. ज्यांच्याकडे आर.ओ. यंत्र आहे त्यांनी त्याचे टाकाऊ पाणी बादलीत धरावे, भांडी विसळायला, फरशी पुसायला ते चालते. झाडांना मात्र घालू नये, कारण त्यात क्षार आणखी वाढलेले असतात. आणि पाणी उकळल्याने जंतू मरतात, मीठ जात नाही. हे तर आपण लेकीसुनांना सांगितलेच पाहिजे. नळावरचे पांढरे डाग लिंबाने निघतात, पण संगमरवराला लिंबू लावू नका. त्याची चकाकी जाते.

आता जी गोष्ट सांगायला मला जड जाते, ती सांगते.

न्हाणीघराच्या टाइल्स मी स्वतः निवडल्या होत्या. खामगावला दुकानात दोन नमुने समोर होते. एक खरखरीत, मळकट रंगाचा; दुसरा आरशासारखा. दुकानदाराने खरखरीत दाखविला होता, हे मी कबूल करते. मी आरसा घेतला. नव्या घरात सासूबाई पहिल्यांदा न्हाणीत गेल्या तेव्हा दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "फरशीत तोंड दिसते वं माय, पण पाय कुठी ठेवू?" आम्ही सारे हसलो. मीही हसले.

२०१९ साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, त्या आत घसरून पडल्या. दार आतल्या बाजूला उघडणारे. त्या नेमक्या दाराशीच पडलेल्या. ढकलावे तर त्यांनाच लागणार. शेवटी सुताराला बोलावून बिजागऱ्या काढल्या. अर्धा तास त्या त्या थंड, चकचकीत फरशीवर पडून होत्या आणि मी बाहेरून "आलो, आलो" म्हणत होते. खुब्याचे हाड मोडले होते. अकोल्याला शस्त्रक्रिया झाली. पुढे दोन वर्षे त्या जगल्या, पण हातात काठी नाही असे एक पाऊलही टाकले नाही. मला त्यांनी कधी एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरे झाले असते.

त्यानंतर आम्ही न्हाणीघर बदलले. खरखरीत फरशी घातली. दर चार फुटांना अर्धा इंच उतार दिला, म्हणजे पाणी साचत नाही. आंघोळीची जागा दोन बोटांच्या उंबऱ्याने वेगळी केली, म्हणजे संडासाकडची बाजू कोरडी राहते. कमोडशेजारी व आंघोळीच्या जागी भिंतीत स्टीलची दांडी पक्की बसविली. टॉवेलची दांडी माणसाचा भार घेत नाही, ती वेगळी. दार बाहेर उघडणारे केले, आणि कडी बाहेरूनही निघेल अशी लावली. रात्रीसाठी एक लहान दिवा ठेवला. या साऱ्याला भिंतीत लपविलेल्या त्या टाकीपेक्षा कमी पैसे लागले. सासूबाई त्या दांडीला धरून उठत, तेव्हा मी तिकडे पाहत नसे.

भगिनींनो, नवे घेऊ नये, असे माझे म्हणणे मुळीच नाही. चूल गेली ते चांगलेच झाले. संडास घरात आला ते तर फारच चांगले झाले. अंधार पडण्याची वाट पाहणे काय असते, ते आपल्याला ठाऊक आहे. परंतु नवे घेताना चित्राला विचारू नये, घराला विचारावे. ओट्याची उंची तिथे राबणारीच्या कोपराने ठरवावी. न्हाणीची फरशी घरातल्या सर्वांत अशक्त पायाने ठरवावी. नळ आपल्या गावच्या पाण्याने ठरवावा. इतके झाले म्हणजे रंग खुशाल आवडीचा घ्या.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या जावेचे घर बांधायला काढले. ओट्याच्या वेळी मी तिला भिंतीशी उभी केले, हात वाकवायला सांगितला आणि कोपराशी खडूने रेघ मारली. मिस्त्री बघतच राहिला. म्हणाला, "ताई, इतकी घरं बांधली, पण बाईचं माप कोणी घ्यायला लावलं नव्हतं." जाऊ लाजली. पण आज तिच्या घरी भाकरी थापायला पाट लागत नाही.

मंडळाच्या कपाटात मी एक मापाची फीत आणि खडूचा तुकडा ठेवून जात आहे. ज्या भगिनीचे घर बांधणे चालू असेल, तिने ती फीत घेऊन जावी; काम झाले की परत आणून ठेवावी. आणि मिस्त्रीशी बोलायला एकटीला संकोच वाटला तर मला हाक मारावी. मी येईन.