दाद मागावी कुणाकडे?

गाणं ऐकायचं तर नीट ऐकायचं, ही माझी जुनी हौस. नायगावच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर हाती आलेल्या पैशांतून मी पुण्याला जाऊन परदेशी बनावटीचा अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकरची जोडी आणली. किंमत सांगितली तर घरच्या मंडळींचा राग पुन्हा जागा होईल, म्हणून सांगत नाही. पहिल्या संध्याकाळी भीमसेन जोशींच्या सुरामागं तंबोऱ्याची एकेक तार वेगळी ऐकू आली आणि पैसे सत्कारणी लागले असं वाटलं.

आठव्या महिन्यात उजव्या बाजूचा आवाज गेला.

आमच्या बाजारात रेडिओ दुरुस्तीत आयुष्य घालवलेले एक मामा आहेत. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "सर, आउटपुटचे ट्रान्झिस्टर गेलेत वाटतं. तासाभराचं काम हाय. पण सील तोडलं की तुमची गॅरंटी गेली. अन् ह्याचा नकाशा कुठं हाय?" जुन्या वॉल्व्हच्या रेडिओत कितीतरी कंपन्या मांडणीचा नकाशा आत चिकटवूनच देत. माझ्या महागड्या यंत्रासोबत आलं होतं ते गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक.

दुकानदार म्हणाला, कंपनीशी बोला. कंपनी म्हणाली, मूळ खोक्यात घालून मुंबईला पाठवा, खर्च तुमचा. खोकं तर दिवाळीच्या साफसफाईत गेलेलं! मग ते चौदा किलोचं धूड गोधड्यांत गुंडाळून, पत्र्याच्या पेटीत घालून नांदेडहून ट्रान्सपोर्टनं धाडलं. दीड महिन्यानं उत्तर आलं: विजेचा दाब कमी-जास्त झाल्यामुळं बिघाड, हमीत बसत नाही. आमच्याकडची वीज कशी असते, हे विकताना कुणी विचारलं नव्हतं.

सगळेच उत्पादक असे नसतात. अमेरिकेतल्या मॅकिंटॉश कंपनीनं १९६२ पासून १९९१ पर्यंत 'अ‍ॅम्प्लिफायर क्लिनिक' चालवलं. कंपनीचे तंत्रज्ञ मोजमापाची यंत्रं घेऊन शहरोशहरीच्या दुकानांत जात आणि कोणत्याही कंपनीचा अ‍ॅम्प्लिफायर फुकट तपासून देत. विकलेल्या वस्तूची पाठराखण हा उपकार नव्हे, तो किमतीतलाच भाग आहे, हे त्यांना कळलं होतं.

मी पावती, हमीपत्र आणि ट्रान्सपोर्टची बिल्टी समोर ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ या क्रमांकावर फोन केला. तक्रार कंपनीकडं गेली. तीन आठवड्यांनी अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त होऊन आला, विनामूल्य. ट्रान्सपोर्टचे पैसे मात्र बुडालेच.

तेवढ्यानं भागलं नसतं, तर पुढची वाटही होती. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. पूर्वी साधारणपणे कंपनी जिथं असेल किंवा व्यवहार जिथं झाला, तिथं धाव घ्यावी लागे. आता आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडं तक्रार करता येते. म्हणजे नायगावकरानं मुंबई-पुणे गाठायची गरज नाही, नांदेड पुरे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. बिल घेतलेलं नसेल तर मात्र आपली बाजू लंगडी पडते.

महागडी वस्तू घेताना आपण आवाज ऐकतो, रूप पाहतो. माझं सांगणं एवढंच की, आणखी तीन प्रश्न विचारा. दुरुस्ती कुठं होणार? नेण्या-आणण्याचा खर्च कुणाचा? हमीत काय बसत नाही? उत्तरं बिलावर लिहून घ्या. आणि हो, खोकं माळ्यावर ठेवा.

परवा मामा गाणं ऐकायला आले होते. ऐकून झाल्यावर पाठीमागच्या सीलवर बोट ठेवून म्हणाले, "गॅरंटी संपली की सांगा सर. आतून कसं हाय, एकदा बघायचंय."