बदनामी आणि भावना



१८६२ च्या मुंबईतील महाराज खटल्याचे वादी जदुनाथजी महाराज आपल्या सुरतेचे, आणि १८६० मध्ये विधवाविवाहावरून त्यांच्याशी जाहीर वाद घालणारा कवी नर्मदही सुरतेचाच. करसनदास मुळजींनी ‘सत्यप्रकाश’मध्ये वल्लभपंथी महाराजांच्या अनाचारावर लिहिले, तेव्हा जदुनाथजींनी ५०,००० रुपयांचा बदनामीचा दावा लावला.

दावा बदनामीचा होता, हे मला फार महत्त्वाचे वाटते. बदनामीत ‘लिहिले ते खरे आहे का?’ असे विचारता येते. म्हणून साक्षी झाल्या, डॉ. भाऊ दाजी लाडही साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिले. (डॉक्टरने रुग्णाचे गुपित सांगावे का, हा प्रश्न वेगळा, आणि सोपा नाही.) मुख्य मुद्द्यावर निकाल करसनदासांच्या बाजूने लागला.

जून २०२४ मध्ये याच खटल्यावरचा ‘महाराज’ हा चित्रपट गुजरात उच्च न्यायालयाने प्रदर्शनाआधी थांबवला. या वेळी तक्रार भावनांची. न पाहिलेल्या चित्रपटाने दुखावलेल्या भावनेची उलटतपासणी कशी घेणार? अखेर न्यायमूर्तींनी चित्रपट स्वतः पाहिला आणि २१ जूनला स्थगिती उठवली. सौरभ शाह यांची मूळ गुजराती कादंबरी तर २०१३ पासून लोकांच्या हातात होती!

माझ्या वर्गात वल्लभपंथी घरांतली मुलेही बसतात. करसनदास स्वतः वैष्णव कुटुंबातले, हे मी त्यांना आधी सांगतो. मग खटल्याची हकीकत वाचायला देतो.